दोन मापांचे कुर्डुवाडी

मुंबईहून पुण्यामार्गे निघालेला जी. आय. पी. कंपनीचा लोहमार्ग 1860 साली सोलापुरास पोहोचला खरा, परंतु कापूस आणि गळिताची धान्ये यांसाठी नामांकित असलेली बार्शीची पेठ त्याने वीस-बावीस मैल बाजूस टाकली; आणि बार्शीच्या या उपेक्षेतूनच कुर्डुवाडीचा भाग्योदय झाला. दीर्घकाळ तर हे स्थानक ‘बार्शी रोड’ याच नावाने ओळखले जाई.

पुढे त्याच कंपनीच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा मार्ग टाकला व तो 1897 मध्ये सुरू झाला. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा त्याचा दंडक. इंजिनासही त्यातून सवलत नसल्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरून भरघोस माल नेता येऊ लागला. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूर आणि 1927 मध्ये मिरज असा या बार्शी लाइट रेल्वेचा विस्तार दोनशे मैलांवर गेला. आषाढी-कार्तिकीस डबे अपुरे पडत. मग मालाच्या वाघिणींतच वारकऱ्यांची भरती होई, आणि विठ्ठलाच्या ओढीपुढे त्याबद्दल तक्रार कोण करणार!

दोन मापांचे रूळ एकत्र आले की लातूरहून आलेले प्रत्येक पोते येथे उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरणे ओघानेच आले. रेल्वेशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध दोष. व्यापाऱ्यास वेळेचा व पैशाचा भुर्दंड, उतारूस रात्री-अपरात्रीचा खोळंबा. पण हमाल, खानावळवाले, टांगेवाले आणि आडते यांचा चरितार्थ ज्या गैरसोयीवर चाले, तिला दोष म्हणण्यास माझी लेखणी तरी कचरते.

1 जानेवारी 1954 रोजी बार्शी लाइट रेल्वे कंपनीचा कारभार सरकारजमा झाला. नंतर पंढरपूरचा मार्ग रुंद झाला, 2008 पर्यंत लातूरचा, आणि शेवटी मिरजेचा. गाड्या येथून सरळ पुढे जाऊ लागल्या. कंपनीने येथे थाटलेला कारखाना मात्र टिकून राहिला, आणि घरची अरुंद गाडी नाहीशी झाल्यावरही माथेरानच्या चिमुकल्या डब्यांच्या दुरुस्तीचे काम त्याच्याकडे येत राहिले.