धबधब्याला जाताना वर बघा

पावसाने जरा जोर धरला की आमच्या घरी रविवारचे बेत सुरू होतात. भाचे, पुतणे, त्यांचे मित्र, सगळ्यांचा एकच हट्ट : धबधब्याला चला! त्यातही घाटरस्त्याच्या कडेचा, मक्याच्या कणसांच्या नि भज्यांच्या गाड्यांनी वेढलेला धबधबा आता त्यांना चालत नाही. रानात लपलेला हवा, चालत जाऊन गाठायचा हवा. हट्ट वाईट नाही. मीही जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठला. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं ठरवलं ते अशाच एका धबधब्याविषयी, आणि त्याच्यापर्यंत न पोहोचताच मी एकदा परत आले, त्या दिवसाविषयी.

धबधब्याचं नाव देवकुंड. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात भिरा आणि पाटणूस ही गावं आहेत, तिथून वाट जाते. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळ्याला आलं की भिऱ्याचा फाटा लागतो. मुंबईकडून येणारे कोलाडवरून येतात. गाव सोडलं की दोन-अडीच तासांची चाल. घाईने न चालणाऱ्याला जाऊन-येऊन सहज दिवस लागतो.

वाटेचा पहिला टप्पा भिरा धरणाच्या पाण्याच्या काठाकाठाने जातो. या पाण्याचीही एक गोष्ट आहे. घाटमाथ्यावरचं मुळशीचं पाणी स्वभावाने पूर्वेला जाणारं, मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांनी ते अडवलं आणि पश्चिमेला वळवून कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले होते. वीजघर १९२७ पासून चालू आहे. तिथून सोडलेलं पाणी कुंडलिका नदीत जातं. म्हणून ऐन उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती असते आणि कोलाडला रबरी होड्यांतून लोक तिच्या प्रवाहात उतरतात.

पाण्याचा काठ सुटला की रान सुरू होतं. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. झाडांना लटकलेल्या मनगटाएवढ्या वेली. पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर. पावसाळ्यात एक शीळ ऐकू येते. एखादा मुलगा सूर चुकवत, विसरत, पुन्हा आठवत शीळ घालतोय असं वाटतं. तो शीळकरी कस्तुर. घाटातल्या ओढ्यांच्या आणि धबधब्यांच्या काठानेच हा निळसर-काळा पक्षी राहतो. त्याची शीळ ऐकू आली की पाणी जवळ आलं म्हणून समजावं. मग वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि शेवटी मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत कुंडापाशी पोहोचता येतं.

आम्ही निघालो तो दिवस ऑगस्टमधला होता. मी, चार मुलं आणि वाट दाखवायला गावातले एक मामा. त्या आठवड्यात वाट खुली होती. सकाळपासून पावसाचा थेंब नव्हता, पानांतून ऊन खाली उतरत होतं. एका ओढ्याशी मामा थांबले. पाणी घोट्याच्या जरा वर, पलीकडचा काठ पंधरा-वीस पावलांवर. त्यांनी वाकून काठावर, पाणी जिथे संपत होतं तिथेच एक पांढरा दगड ठेवला आणि बिडी पेटवून बसले. मला वाटलं, दमले असतील. पंधरा मिनिटांनी त्यांनी बोट दाखवलं. दगड दिसत नव्हता.

“बाई, पानी बदललं. आता म्हागारी.”

खरं सांगते, मला राग आला. ऊन पडलेलं, ओढा अजून गुडघ्याच्याही खाली आणि धबधब्याचा आवाज कानावर येत होता! मुलं तर हिरमुसलीच. “मामा, पाऊस कुठे आहे?” मी विचारलं. त्यांनी नुसती हनुवटी वर केली. घाटमाथा दिसत नव्हता. तो काळ्या ढगात बुडाला होता.

आम्ही मागे फिरलो. त्या दिवशी तो ओढा पुढे किती चढला, कोण जाणे. कदाचित वीतभरच चढला असेल. पण भूगोल शिकवणाऱ्या मला जे सुचायला हवं होतं ते मामांना सुचलं, ही टोचणी मात्र राहिली. वर्गात फळ्यावर मी शंभरदा काढलेली आकृती माझ्यासमोर उभी होती आणि मी ती ओळखली नव्हती.

ती आकृती अशी. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. हे सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट काळ्या कातळाचे, काही जाळीदार आणि ठिसूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे भाजल्यासारखी लाल माती. पठाराच्या पश्चिम कडेवरून पाणी खाली येतं तेव्हा ते मऊ थर आधी झिजवतं, कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो आणि आधार गेला की तुटून पडतो. म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत, आणि जिथे पायरी तिथे धबधबा. वरून पडणारं पाणी आपल्याबरोबर दगडगोटे आणतं, ते तळाशी गरगरतात आणि कातळ कोरतात. त्यातून कुंड तयार होतं. देवकुंड हे असंच कोरलेलं कुंड.

आता यातली मेख बघा. आपण उभे असतो पायरीच्या तळाशी आणि पाणी येतं पायरीच्या वरून. समुद्रावरून आलेले ढग घाटाला अडून वर चढतात आणि माथ्याजवळ सर्वांत जास्त कोसळतात. पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर धो-धो, असं म्हणूनच घडतं. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अनेक दुष्काळी तालुक्यांत वर्षभरातही एवढा पडत नाही.

मिलिमीटर म्हटलं की आपल्याला काही बोध होत नाही, म्हणून एक हिशेब करू. समजा, धबधब्याच्या वर फक्त एक चौरस किलोमीटर रान आहे आणि तिथे तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी किती? दहा कोटी लिटर. सगळं वाहून आलं तर सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला रिकामे झाल्यासारखं. पावसाळ्याच्या सुरुवातीला यातलं बरंचसं माती शोषून घेते. पण जुलै-ऑगस्टमध्ये माती आधीच तुडुंब भिजलेली असते. कातळावर तर मातीच नसते. मग पडेल ते वाहतं, आणि उतार उभा असल्यामुळे काही मिनिटांतच खाली पोहोचतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. रविवार होता. सहलीला आलेली माणसं ओढ्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी आहेत आणि भोवतीचं पाणी वाढतंय, ते चित्रीकरण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पाहताना मनात येतं, ही माणसं आधीच बाहेर का आली नाहीत? उत्तर मला त्या ओढ्याकाठी मिळालं. पाणी वाढतंय हे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कळतच नाही. घोट्याचं पोटरीपर्यंत येईतो मजा वाटते. मांड्यांपर्यंत आलं की पाय उचलता येत नाही.

म्हणून मामांचा पांढरा दगड मी तुमच्या हवाली करते आहे. ओढा ओलांडण्यापूर्वी काठावर खूण ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. खूण बुडली तर परत फिरा. आणखी तीन गोष्टी पाहा. नितळ पाणी गढूळ झालं का? वरून पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या का? पाण्याचा आवाज जड झाला का? यांतली एक जरी गोष्ट दिसली तरी वर पाऊस झाला आहे असं समजावं आणि ज्या काठावर गाव आहे त्या काठावर यावं. पलीकडे अडकलात तर ओढा उतरेपर्यंत उंचावर बसून राहा. घाईने ओलांडू नका. भूक लागेल, अंधार होईल, पण माणूस राहील.

आणि कुंडाविषयी. दिसायला ते शांत, निळंहिरवं दिसतं, पण उत्तम पोहणाऱ्यानेही त्याच्या भरवशावर राहू नये. धार पडते तिथलं पाणी फेसाळ असतं, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. असं पाणी हलकं, ते माणसाला नेहमीसारखं तरंगू देत नाही. शिवाय धार पाण्याला खाली दाबते आणि आजूबाजूचं पाणी धारेकडे ओढलं जातं. वरून दगड येतात ते वेगळेच. हे आपण काठावरून बघायचं देवाचं कुंड आहे, पोहण्याचा तलाव नव्हे.

मग जायचं कधी? ऐन पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढतं. निघण्यापूर्वी गावात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करावी आणि बंदी असेल तर चोरवाट शोधू नये. माझ्या मते, ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हे दिवस सर्वांत चांगले. तेव्हा पडणारं पाणी आजच्या पावसाचं नसतं. चार महिन्यांत डोंगराने भेगांमध्ये, मातीत, झाडांच्या मुळांत जे साठवून ठेवलं ते तो तेव्हा हळूहळू सोडत असतो. जंगल तुटलं की हे साठवणं संपतं. मग पावसात लोंढा आणि दिवाळीनंतर कोरडा कातळ, एवढंच उरतं.

गावातला वाटाड्या जरूर बरोबर घ्या. त्याला द्यायचे पैसे हा खर्च समजू नका. बूट पकड घेणारे हवेत, कारण धोंड्यांवर शेवाळ असतं. सकाळी लवकर निघा, दुपारी तीनपर्यंत परतीला लागा. आणि पिशवीतून नेलेलं प्लॅस्टिक पिशवीतूनच परत आणा.

आम्ही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो. तीच मुलं, तेच मामा. तो ओढा आता धोंड्यांमधून कुजबुजत होता. मुलांनी तो चार उड्यांत ओलांडला. कुंडाशी पोहोचलो तेव्हा कड्यावरून पाण्याची एकच पांढरी धार उतरत होती आणि कुंडाचा तळ कितीतरी खोलवर दिसत होता. कोणी फारसं बोललं नाही. परत निघताना धाकट्या भाच्याने ओढ्याच्या काठावर एक पांढरा दगड ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने त्याच्याशेजारी बसला. मामा हसले. म्हणाले, “आता हा पोरगा कुठंबी जाऊं द्या.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)