कायदा झाला, पण लागू कधीपासून?

मोबाईलवर बातमी येते, "नवा कायदा झाला!" आणि आपण धरून चालतो की उद्यापासून तो आपल्या कामी येणार. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही विधेयकाचा प्रवास सांगतो : लोकसभा, राज्यसभा, मग राष्ट्रपतींची संमती. पुष्कळ कायद्यांच्या बाबतीत यापुढे आणखी एक पायरी असते. कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले असते की, सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या तारखेपासून हा कायदा अंमलात येईल. ती तारीख पडेपर्यंत कायद्यातला हक्क कागदावरच राहतो.

वकिलांच्या कायद्याचेच पाहा. 'वकील' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच. आपल्या वतीने उभा राहणारा तो वकील. इंग्रजी अमदानीत वकील, प्लीडर, मुख्तार असे वेगवेगळे दर्जे होते. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने सर्वांसाठी अधिवक्ता हा एकच वर्ग ठरवला आणि सनद देण्याचे व शिस्त राखण्याचे काम बार कौन्सिलांकडे सोपवले. आपल्याकडे ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल करते.

याच कायद्याच्या कलम 30 मध्ये वकिलांना सर्व न्यायालयांत, न्यायाधिकरणांत आणि पुरावा घेण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांसमोर वकिली करण्याचा हक्क दिला आहे. मात्र निरनिराळी कलमे निरनिराळ्या तारखांना लागू करण्याची मुभा सरकारला होती, आणि कलम 30 ची तारीख काही पडेना. 1988 मध्ये अल्तमश रेन या वकिलाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितले की, हे कलम लागू करायचे की नाही याचा सहा महिन्यांत विचार करा. 'लागू कराच' असा हुकूम न्यायालयाने दिला नाही. अखेर 15 जून 2011 रोजी ते लागू झाले. म्हणजे कायदा झाल्यावर पन्नास वर्षांनी!

ही झाली वकिलांची गोष्ट. ज्यांच्याकडे वकिलाच्या फीचे पैसे नाहीत, त्यांच्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदाही असाच रखडला. तो संमत झाला 1987 मध्ये आणि लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. म्हणूनच दरवर्षी 9 नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळतात.

हा कायदा आज पूर्णपणे लागू आहे. आता अडचण तारखेची नाही, माहितीची आहे. पोटगीच्या दाव्यासाठी बांगड्या मोडणाऱ्या भगिनी आपल्या ओळखीत आहेत. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की, या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अपंग व्यक्ती, अटकेत असलेली माणसे, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दंगल, पूर किंवा भूकंप यांची झळ पोहोचलेले लोक यांनाही हा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरलेली आहे. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे एवढे मात्र प्राधिकरणाला पटावे लागते.

अर्ज कुठे करायचा? तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अर्ज साध्या भाषेत, मराठीत लिहिला तरी चालतो. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

यापुढे नव्या कायद्याची बातमी आली की घरात दोन प्रश्न जरूर विचारावेत : तो कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि सगळी कलमे लागू आहेत का? उत्तर राजपत्रात असते, आणि राजपत्र आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना हे शोधायला सांगावे. आणि शेजारची एखादी भगिनी वकिलाच्या फीसाठी उसनवारी करत असेल, तर तिला आजच तालुका समितीचा रस्ता दाखवावा.