अपस्मार आणि आतड्यातील रहिवासी
उपासाने अपस्माराचे झटके ओसरतात हा अनुभव पुरातन असला, तरी स्निग्धांश विपुल आणि पिष्टांश अत्यल्प अशा कीटोजेनिक आहाराची योजना १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी मांडली, आणि तिचे श्रेय दीर्घकाळ यकृतातील कीटोन द्रव्यांच्या खाती जमा होत राहिले. परंतु २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात इलेन शाओ आणि सहकाऱ्यांनी जंतुरहित उंदरांना हाच आहार दिला, तेव्हा तो निष्फळ ठरला. अ‍ॅकरमान्सिया व पॅराबॅक्टेरॉइडीस हे जिवाणू आतड्यात एकत्र सोडताच मात्र संरक्षण परतले, आणि मेंदूत उद्दीपक ग्लुटामेटच्या मानाने शामक गाबाचे प्रमाण वाढलेले आढळले. उंदरांच्या या दाखल्यावर विसंबून, वैद्याच्या संमतीविना, चालू औषध बंद करणे अर्थातच गैर होय.