खिरीची वाटी आणि रक्ताचा रिपोर्ट

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मराठी घरात बाळाचं उष्टावण म्हणजे खीर आलीच. गावाहून आलेली आजी रवा तुपावर परतते, त्यात दूध घालते, वर काजू-बदामाची पूड. अर्ध्या तासात बाळाच्या अंगावर गांधी उठल्या तर संशय कोणावर घ्यायचा? गहू, दूध, काजू, बदाम, सगळे एकाच वाटीत. ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळलं जातं. गांधी उतरतात आणि विषय मिटतो, पुढच्या वाटीपर्यंत. म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, थोडासा, तोही सकाळी. काही झालं तर दवाखाना उघडा असतो.

‘रक्त तपासलं की कळतं’ हा सर्वांत महागडा गैरसमज. आयजीई हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं म्हणजे शरीराने पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या पाहणीत सुमारे 26 टक्के लोकांच्या रक्तात अशी नोंद सापडली, खरी अ‍ॅलर्जी मात्र जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची शंभर पदार्थांची पॅनेल तर निदानाच्या कामाचीच नाहीत. त्या रिपोर्टवरून बाळाचं अर्धं ताट काढून घेणं म्हणजे कुपोषणाला आवतण.

निदान सुरू होतं हकिगतीपासून: काय खाल्लं, किती, किती मिनिटांनी काय झालं, पुन्हा दिल्यावर तसंच झालं का. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात नंबर लागेपर्यंत गांधी मावळलेल्या असतात. मग गरजेप्रमाणे त्वचेची प्रिक टेस्ट (ती तान्ह्या बाळाचीही करता येते) आणि तरीही शंका उरली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोच पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून पाहणं. उलट, शीमध्ये रक्ताचे धागे दिसणं किंवा खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी उलट्यांवर उलट्या होणं, अशा अ‍ॅलर्जीत रक्ततपासणी साफ निगेटिव्ह येऊ शकते. भाताच्या पेजेनेही हे घडतं, आपल्याला पटत नसलं तरी.

‘गाईचं बाधलं तर शेळीचं किंवा म्हशीचं द्या.’ अ‍ॅलर्जी असते दुधातल्या प्रथिनांची, आणि ती तिन्ही दुधांत बरीच सारखी. लॅक्टोज ही साखर; लॅक्टोजमुक्त दुधात प्रथिनं तशीच राहतात. अंगावरचं दूध तोडू नये. गरज पडल्यास डॉक्टर आईला काही आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात आणि मग पुन्हा सुरू करून पाहतात.

शेंगदाणा उशिरा द्यावा, हेही जुनं झालं. लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात (2015) जास्त धोका असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. अख्खा दाणा नव्हे, तो घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून. अंगभर इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाळाचे ओठ सुजले, रडणं घोगरं झालं, श्वासाला घरघर लागली किंवा ते एकदम मलूल पडलं, तर आमसूलही नको आणि अ‍ॅलर्जीचं सिरप देऊन वाट पाहणंही नको. लागतं ते मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. 112 लावा किंवा थेट सफदरजंग वा एम्सची इमर्जन्सी गाठा, आणि बाळाने काय खाल्लं ते दारातच सांगा.