विदर्भ राज्याची चळवळ

महाराष्ट्राच्या पूर्वेकडील नागपूर व अमरावती या महसुली विभागांचे भारतीय संघराज्यात वेगळे घटकराज्य व्हावे, यासाठी विसाव्या शतकात सुरू झालेली राजकीय चळवळ. बायाफ्रा (१९६७–७०) किंवा बांगला देश (१९७१) येथील लढ्यांप्रमाणे सार्वभौम राष्ट्र स्थापण्याचा हेतू तिच्यामागे नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेने कायद्याने राज्य निर्माण करावे, एवढीच तिची मागणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न कँटनमधून १९७९ साली वेगळे झालेले झ्युरा कँटन हे या प्रकारचे परदेशातील एक उदाहरण होय. मात्र झ्युरातील लोक फ्रेंच भाषिक, तर बर्नमधील बहुसंख्य जर्मन भाषिक होते. विदर्भाची मागणी १९५६ नंतर मराठी भाषिकांपासूनच वेगळे होण्याची ठरली आणि तिचा मुख्य पेच यातूनच उद्‌भवला.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला व १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी बनले. १९०३ मध्ये वऱ्हाड या प्रांताला जोडण्यात आला. या द्विभाषिक प्रांतात आठ मराठी जिल्हे होते व वऱ्हाडच्या कापसावरील उत्पन्न हिंदी जिल्ह्यांवर खर्च होते, ही तेथील जुनी तक्रार होती. जुलै १९३८ मध्ये ना. भा. खरे यांना प्रांताचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागून ते रविशंकर शुक्ल यांच्याकडे गेल्याने हा तणाव वाढला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रांतिक विधानसभेने महाविदर्भाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव संमत केला. तेव्हा भाषा हाच या मागणीचा आधार होता.

संयुक्त महाराष्ट्राची कल्पना पुढे येताच तोच आधार उलटला. मराठी भाषिकांचे एक राज्य व्हायचे, तर विदर्भाने त्यात यावे हे ओघानेच आले. माधव श्रीहरी अणे, ब्रिजलाल बियाणी आदी नेत्यांना ते सहजी मान्य नव्हते. अकोला करारात (८ ऑगस्ट १९४७) दोन उपप्रांतांची तडजोड सुचविली गेली, ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतरचा नागपूर करार (२८ सप्टेंबर १९५३) अधिक महत्त्वाचा ठरला. विकासनिधी, शासकीय नोकऱ्या व शिक्षणातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात देणे, नागपूरला उच्च न्यायालयाचे पीठ ठेवणे, शासनाचा मुक्काम दरवर्षी ठरावीक काळ तेथे हलविणे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरविणे, अशी आश्वासने त्यात होती. करार नेत्यांमधील असल्याने त्याला कायद्याचे बळ नव्हते.

राज्य पुनर्रचना आयोगाने (फाजल अली आयोग) १९५५ मध्ये सुमारे ७६ लाख लोकवस्तीच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले व ते आर्थिक दृष्ट्या तग धरू शकेल, असे म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही त्याच वर्षी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत मराठी भाषिकांची चार राज्ये सुचविली होती. परंतु मुंबईचा प्रश्न सोडविताना शिफारस बाजूस पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि नागपूरचे राजधानीपद संपले. १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे.

यानंतर चळवळीचा युक्तिवाद भाषेवरून अनुशेषावर, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागे राहिलेल्या विकासकामांवर, आला. १९६२ मध्ये अणे नागपूरमधून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९७१ मध्ये त्याच मतदारसंघात जांबुवंतराव धोटे विजयी झाले. धोटे पुढे काँग्रेसमध्ये गेले. आंदोलनाचे नेतृत्व मोठ्या पक्षांत विरून जाण्याचा हा प्रकार नंतरही घडत राहिला. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये संपूर्ण राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा हिस्सा सुमारे ३९ टक्के होता व सर्वांत मोठी बाब सिंचनाची होती. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली; त्याचे काम कित्येक दशके रेंगाळले. विकास मंडळांची तरतूद संविधानात १९५६ पासून असली, तरी विदर्भाचे मंडळ १९९४ मध्येच स्थापन झाले. अडतीस वर्षांच्या या विलंबाचे समर्थन करणे कठीण आहे.

मा. सां. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक व देवेंद्र फडणवीस हे मुख्यमंत्री विदर्भातलेच, असा प्रतिवाद केला जातो. तो वस्तुस्थितीला धरून असला, तरी पदांच्या वाटपावरून ओलिताखालील क्षेत्र मोजता येत नाही. चळवळीची खरी उणीव तिच्या आधारक्षेत्रात आहे. नागपूर व पूर्वेकडील जिल्ह्यांत जेवढी आस्था दिसते, तेवढी वऱ्हाडात दिसत नाही. तेलंगणाबाबतही फाजल अली आयोगाची शिफारस डावलली गेली आणि १९५६ मध्येच एक सभ्य गृहस्थांचा करार झाला; भाषाही एकच होती. तेथे स्वतंत्र पक्ष व व्यापक जनआंदोलन उभे राहून २ जून २०१४ रोजी राज्य झाले. विदर्भात असा पक्ष टिकला नाही. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. पण महाराष्ट्रातील त्याचा मित्रपक्ष शिवसेना विरोधात होता. २००० साली छत्तीसगढ, उत्तराखंड व झारखंड ही राज्ये झाली, तेव्हा विदर्भ वगळला गेला. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये या प्रश्नावरील आपल्या वक्तव्यांनंतर पद सोडले.

विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२० व २०२१ ची हिवाळी अधिवेशने कोविडच्या साथीमुळे नागपूरऐवजी मुंबईत भरली.