पडद्यावरचा एक्स-रे आणि शेवटचा वाफा

धारणीत एखाद्या लहानग्याला खोकला-ताप येतो, धाप लागते आणि छातीचा एक्स-रे काढला जातो. अमरावती तिथून सुमारे दीडशे किलोमीटर. रस्ता हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा मेळघाटच्या डोंगरांतून जाणारा. अशा वेळी मुलाआधी एक्स-रेची फाईल तज्ज्ञाकडे पोचली, तर उपचार लवकर ठरतात. याच तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजले. २०१९ पासून 'ई-संजीवनी' ही सरकारी दूरवैद्यक सेवाही सुरू झाली. या सगळ्यात चर्चा होते ती नेटवर्कची. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे शेवटी जो येतो, त्या पडद्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

खरे तर तो व्हायला हवा. न्यूमोनियाची सुरुवातीची सावली ठळक पांढरी नसते. ती राखाडीतली किंचित वेगळी राखाडी असते. पडद्याने नेमकी तीच छटा गिळली, तर उत्तम यंत्रावर काढलेला एक्स-रेही अर्धवटच दिसतो.

पडद्यावरचे 'दारे धरणे'

टीव्ही, मोबाईल, संगणक यांचे बहुतेक सपाट पडदे अगदी बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० उभ्या रांगा आणि १०८० आडव्या ओळी असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन कप्पे, म्हणजे एकूण ६२ लाखांहून अधिक कप्पे झाले. एलसीडी पडद्यात या प्रत्येक कप्प्यात द्रव स्फटिक असतो. त्याला जेवढा विद्युतदाब मिळेल, त्याप्रमाणे तो मागचा प्रकाश पुढे सोडतो किंवा अडवतो. हा द्रव स्फटिक पहिल्यांदा लक्षात आला तो १८८८ मध्ये. फ्रीडरिक रायनिट्झर हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. ज्या कोलेस्टेरॉलच्या धास्तीने माणसे रक्त तपासून घेतात, त्याच्याच एका संयुगातून पुढे टीव्हीचा पडदा आला.

हे लाखो कप्पे भरायचे कसे, हे दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला चटकन कळेल. पाट वाहत असतो. शेतकरी एका वाफ्याचे दार उघडतो, वाफा भरला की दार बंद करून पुढच्याकडे जातो. पडद्यात हे दार म्हणजे काचेवर बसवलेला अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर. एका आडव्या ओळीची सगळी दारे एकदम उघडतात आणि उभ्या तारांमधून प्रत्येक कप्प्याला त्याच्या वाट्याचा विद्युतभार मिळतो. मग ती ओळ बंद होते आणि पुढची उघडते.

यासाठी वेळ किती मिळतो? चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होते, म्हणून १०८० ओळींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पडदा फोर-के असेल, तर ओळी दुप्पट होतात आणि वेळ निम्मा होतो. त्यातच चित्र सेकंदाला १२० वेळा बदलत असेल, तर चार मायक्रोसेकंदही उरत नाहीत.

अडचण इथेच सुरू होते. पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी उशिरा आणि कमी पोचते, ही तक्रार कोणत्याही शेतकऱ्याची असते. पडद्यातल्या तारांनाही रोध असतो. त्यामुळे कडेच्या चिपपासून दूर असलेल्या दारांपर्यंत संदेश विस्कळीत होऊन पोचतो. तिथला कप्पा भरण्याआधीच वेळ संपते. मग छटा चुकते, पडद्याच्या दोन टोकांच्या उजेडात फरक पडतो, कधी आधीच्या ओळीची फिकट छाया मागे राहते. शिवाय एकाच दिशेचा दाब सतत दिला, तर द्रव स्फटिक खराब होतो. म्हणून दर चित्राला दाबाची दिशा उलटवावी लागते. म्हणजे आधीचे पाणी काढून टाकायचे आणि नवे भरायचे, तेही तेवढ्याच वेळात.

अभियंत्यांनी यावर शोधलेले उपायही शेतातल्यासारखेच आहेत. ओळीला दोन्ही टोकांकडून संदेश द्यायचा. ॲल्युमिनियमऐवजी कमी रोधाचे तांबे वापरायचे. एका ओळीची पाळी सुरू असतानाच पुढच्या ओळीचे दार थोडे आधी उघडून ती अर्धीमुर्धी भरून ठेवायची. दूरच्या कप्प्यांसाठी दाब मोजून-मापून वाढवायचा. जास्त चपळ ट्रान्झिस्टर वापरायचे. भरलेला भार पुढच्या पाळीपर्यंत टिकावा म्हणून प्रत्येक कप्प्याला छोटा साठाही दिलेला असतो. मात्र उष्णता वाढली की ट्रान्झिस्टरमधून गळती वाढते. बांधाला उंदराने बीळ पाडावे, तसे हे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात बंद खोलीतल्या पडद्याला हे लागू पडते.

दवाखान्यात काय पाळावे?

एक्स-रे वाचण्यासाठी बनवलेले वैद्यकीय पडदे वेगळे असतात. त्यांच्या राखाडी छटा 'डायकॉम' या प्रमाणाप्रमाणे जुळवलेल्या असतात आणि वेळोवेळी तपासल्या जातात. साधा पडदा फक्त जास्त चमकदार असला म्हणून त्याची बरोबरी करत नाही. प्रत्येक दवाखान्याला असा महागडा पडदा परवडेलच असे नाही, पण काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पडद्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नये. राखाडी पट्ट्यांचे चाचणीचित्र अधूनमधून उघडून शेजारशेजारच्या सगळ्या छटा वेगळ्या दिसतात का, हे पाहावे. शंका आली तर चित्र मोठे करून पडद्याच्या मध्यभागी आणावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडद्याचा मोबाईलने फोटो काढून पाठवू नये, मूळ फाईलच पाठवावी. पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातून उमटणारे पट्टे फुप्फुसावरच्या सावलीत सहज मिसळून जातात.

आणि पडदा कितीही चांगला असला, तरी मूल त्याच्या अलीकडे असते. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल दूध-पाणी घेत नसेल, तर तज्ज्ञाच्या उत्तराची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. हे मोजायला पडदा लागत नाही. बाळाची छाती उघडी करून मिनिटभर पाहिले आणि हाताशी घड्याळ असले, की पुरते.