एकशेएकाव्या क्वेरीला अडलेली विक्री

समजा, सोलर वॉटर हीटर विकणाऱ्या कंपनीने सेल्सफोर्स या विक्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कोटेशनची व्यवस्था बसवली. नव्वद वस्तूंपर्यंत सगळं सुरळीत. मोठ्या गृहप्रकल्पाचं एकशे दहा वस्तूंचं कोटेशन आलं आणि सेव्ह करताच एरर: ‘टू मेनी एसओक्यूएल क्वेरीज: १०१’. प्रत्येक वस्तूचा दर पाहायला ‘फ्लो’ या ऑटोमेशन साधनाच्या लूपमध्येच ‘गेट रेकॉर्ड्स’ ठेवलेलं होतं. वस्तू जितक्या, तितक्या डेटाबेसच्या फेऱ्या. मुभा शंभरांची. ती ओलांडली की त्या व्यवहारातलं आधीचं कामही रद्द होतं.

ही कंजुषी नव्हे. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या सेल्सफोर्सची रचनाच अशी, की असंख्य ग्राहक-कंपन्या एकाच यंत्रणेत नांदतात. सोसायटीच्या टाकीला एकाच फ्लॅटने पंप लावला तर बाकीच्यांच्या नळाला काय येणार? म्हणून एका व्यवहारात १०० क्वेरी, डेटा लिहिण्याच्या १५० आज्ञा आणि प्रोसेसरचे १० सेकंद. जादा लायसन्स घेतली म्हणून हे आकडे वाढत नाहीत.

उपाय अवघड नाही. लागणारे सगळे दर लूपच्या आधी एकदाच आणावेत, आत फक्त जुळवणी करावी आणि शेवटी एकदम लिहावं. त्याच नोंदीतला रकाना बदलायचा असेल तर सेव्ह होण्यापूर्वीच बदलावा. वेगळी आज्ञा खर्ची पडत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला माहिती धाडण्यासारखी कामं मागाहून, स्वतंत्र व्यवहारात करता येतात.

खरी गुंतागुंत मात्र विक्री खात्याच्या बैठकीत जन्मते. पाच टक्क्यांपर्यंत सूट सेल्समनने द्यावी, पुढची मॅनेजरने, इतकं सरळ असतं तोवर ठीक. मग जुन्या डीलरसाठी अपवाद, मार्चअखेरीसाठी दुसरा, साहेबांच्या खास गिऱ्हाइकासाठी तिसरा. प्रत्येकाचा वेगळा नियम, आणि सगळे त्याच शंभरांतून खाणार. असे नियम पूर्वी ज्यांत बसवले जायचे, त्या ‘वर्कफ्लो रूल्स’ आणि ‘प्रोसेस बिल्डर’ या जुन्या साधनांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. तिथले नियम फ्लोमध्ये जसेच्या तसे उचलून ठेवणं म्हणजे अडगळीसकट घर बदलणं. निम्मे अपवाद आता कुणाला आठवतही नसतील. ते काढून टाकायला याहून चांगली वेळ नाही.

मर्यादा माणसांच्याही असतात. पहिल्याच फोननंतर बजेट, निर्णय घेणारी व्यक्ती, डिलिव्हरीचा पत्ता असे रकाने सक्तीचे केले, की सेल्समन शून्य आणि टिंब टाकून मोकळा होतो. पत्ता पर्चेस ऑर्डर आल्यावर मागावा. तोवर तो सेल्समनलाही ठाऊक नसतो.

विक्रीच्या टप्प्यांना जोडलेल्या शक्यतेच्या टक्क्यांकडे तर फारसं कुणी बघतच नाही. ‘निगोशिएशन/रिव्ह्यू’ला मूळ सेटिंगमध्ये ९० टक्के शक्यता दिलेली असते. वाटाघाटीत अडकलेलं दहा लाखांचं कोटेशन त्यामुळे अंदाजात नऊ लाखांचं दिसतं आणि मालकाचा महिन्याचा हिशेब फुगतो. मागच्या दोन-तीन वर्षांत या टप्प्यावरची किती कोटेशनं खरोखर पार पडली, हे मोजून तो आकडा बदलावा. त्यासाठी कोड लिहावा लागत नाही, क्वेरीही खर्च होत नाही.